मालिकेतील अभिनेत्रीचे जीवन आणि व्यवसाय : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत उन्हाळी नाट्यशिबिरे घेताना शेवटच्या दिवशी एक प्रसंग हमखास घडतो. प्रमाणपत्रे वाटून झाली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की दोन-चार मुली आणि त्यांचे पालक मागे थांबतात. मुलीला ऑडिशनविषयी विचारायचे असते, आईला राहण्याविषयी आणि वडिलांना पैशांविषयी. गेली काही वर्षे हे प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रसिद्धी किती मिळेल हे पुष्कळ जण विचारतात, महिन्याला काम किती दिवस मिळेल हे फारच थोडे; आणि या व्यवसायाचे गणित तर दिवसांवरच मांडलेले असते.

मालिकेतील अभिनेत्री हा पूर्ण वेळचा व्यवसाय मराठीत केव्हापासून झाला?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात दूरदर्शनवर काम करणाऱ्या स्त्रिया मुख्यतः रंगभूमीवरच्या किंवा आकाशवाणीवरच्या असत, आणि पडद्यावरचे काम हे त्यांच्या नाटकाला किंवा नोकरीला जोडून असे. भक्ती बर्वे यांचे उदाहरण बोलके आहे. त्या दूरदर्शनवर बातम्याही वाचत आणि रंगभूमीवर मोठ्या भूमिकाही करत. पुढे मराठी मालिका आल्या त्याही आठवड्यातून एकदा आणि बहुधा तेरा भागांच्या मुदतीने. तेरा भागांवर कोणाचे घर चालत नाही.

खासगी वाहिन्यांनी हे चित्र बदलले. १९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली, जी आज झी मराठी म्हणून ओळखली जाते. २००० साली ई टीव्ही मराठी आली. २०१५ मध्ये तिचे नाव कलर्स मराठी झाले. स्टार प्रवाह २००८ मध्ये आणि सोनी मराठी २०१८ मध्ये आली. दररोज नवा भाग दाखवणारी मालिका रूढ झाली आणि एका कलावंताला महिन्यातील पंधरा-वीस दिवस सलग काम मिळू लागले. २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ चाललेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका आणि तिच्यातील रोहिणी हट्टंगडी व कविता लाड यांच्या भूमिका अनेकांना आठवत असतील. इतकी वर्षे एकच पात्र वठवणे हा अनुभव त्याआधीच्या पिढीतील अभिनेत्रीच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

खान्देशातील कोणी अभिनेत्री छोट्या पडद्यावरून पुढे आली आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा स्मिता पाटील असतात. त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला, परंतु त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे, राजकारणातील मोठे नाव, आणि आई विद्याताई या समाजकार्यातील. चित्रपटात येण्यापूर्वी स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्या वाचायला बसत, ही आठवण इतक्या जणांनी सांगितली आहे की ती आता त्यांच्या चरित्राचाच भाग झाली आहे. पडद्यावरचा तो चेहरा पाहूनच श्याम बेनेगल यांनी त्यांना चित्रपटात घेतले. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी त्यांना अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयी अभिमान असावा. मात्र त्यांचा मार्ग आजच्या मुलीला नकाशा म्हणून उपयोगी पडणार नाही, हे मी प्रत्येक शिबिरात सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी चेहरा पडतो. त्या काळी मुंबईत एकच वाहिनी होती, बातम्या वाचणारा चेहरा सगळे शहर पाहत असे, आणि दैनंदिन मालिका नावाचा प्रकार अस्तित्वातच नव्हता. अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल तर धुळ्यात जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये वाढलेल्या सायली संजीव यांचे घ्यावे. ‘काहे दिया परदेस’ या मालिकेतून त्या घराघरांत पोहोचल्या आणि तेथून चित्रपटाकडे वळल्या.

माझी मुलगी घरी अहिराणी बोलते. तिच्या मराठीला हसतील का?

क्वचित हसतील, आणि त्यांचे हसणे तिने मनावर घेऊ नये. तरीही अडचण खरी असल्यामुळे ती नीट समजून घेतली पाहिजे. अहिराणी आणि तावडी या खान्देशातल्या दोन्ही बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. ‘ण’ पुष्कळदा ‘न’ होऊन येतो. घरात हे इतके स्वाभाविक असते की मुलीला स्वतःला ते ऐकूच येत नाही. म्हणून पहिले काम कानाचे आहे. वर्तमानपत्रातील अग्रलेख रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून चुकलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. तीन-चार महिन्यांत फरक पडतो, हे मी अनेक मुलींच्या बाबतीत पाहिले आहे.

मात्र प्रमाण मराठी शिकताना घरची बोली विसरू देऊ नये. मालिकांच्या लेखकांना बोलीची गरज वरचेवर पडते. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मालवणी ऐकू आली, ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापुरी, ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील नागपूरकर राधिका तिच्या वऱ्हाडी ढंगामुळे लोकांना आवडली, आणि ती साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या आहेत. म्हणजे बोली ही जन्माने मिळालीच पाहिजे असे नाही, ती कमावताही येते. पण जिला ती जन्माने मिळाली आहे तिचे अर्धे काम आधीच झालेले असते. अहिराणीच्या वाट्याला मालिकेतले मुख्य पात्र त्या मानाने फारच कमी आले, याची खंत आम्हा खान्देशी माणसांना वाटते. बहिणाबाईंच्या ओव्या जिच्या कानावरून गेल्या आहेत, तिने आपल्या भाषेला गावंढळ समजण्याचे काहीच कारण नाही.

अभिनयाचे शिक्षण कोठे घ्यावे? मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही का?

सुरुवात येथेच करावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’ युवक महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन हे प्रकार असतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटाची प्राथमिक फेरी आपल्या भागातील केंद्रावर होते, आणि पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक हा महाविद्यालयीन एकांकिकांचा सर्वांत मानाचा करंडक समजला जातो. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारख्या ठिकाणी नाट्यविषयक वातावरण जुने आहे.

मालिकेसाठी नाटक कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना एवढेच सांगतो : नाटकाच्या तालमीत दोन महिने एकच प्रवेश घासून घेतलेली मुलगी सेटवर दहा मिनिटांत हातात पडलेला प्रवेश पेलू शकते, कारण कोणत्या वाक्यावर श्वास घ्यायचा हे तिचे शरीर आधीच शिकलेले असते. मालिकेत शिकवायला कोणाला वेळ नसतो.

पदवीनंतर पुढे जायचे असल्यास पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही नावे आधी घ्यावीत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, प्रवेश अतिशय कठीण आहे, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. आठ दिवसांत ‘कॅमेऱ्यासाठी अभिनय’ शिकवणाऱ्या महागड्या वर्गांविषयी माझे मत चांगले नाही. तेथे कॅमेऱ्याची भीती जाते हे खरे, पण ती मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोरही जाते.

ऑडिशन नेमकी कशी होते?

पूर्वी स्टुडिओच्या दारात रांग लावावी लागे. आता पहिली फेरी बहुतेक वेळा घरूनच होते. निर्मितीसंस्थेचा कास्टिंग विभाग किंवा कलावंतांची कामे पाहणारा समन्वयक पात्राचे वय आणि एक छोटा प्रवेश पाठवतो, आणि मुलीने तो स्वतः चित्रित करून परत पाठवायचा असतो. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि राहण्याचे ठिकाण सांगावे, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवावा आणि मग प्रवेश करावा. मोबाइल आडवा धरावा, मागे साधी भिंत असावी, उजेड समोरून यावा आणि समोरची वाक्ये दुसऱ्या कोणीतरी मोबाइलच्या अगदी जवळ उभे राहून म्हणावीत. पंख्याचा आवाज सगळ्यांत घात करतो. मे महिन्यात भुसावळला पंखा बंद करून ऑडिशन चित्रित करणे म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला कळणार नाही. म्हणून पहाटे करावी.

तेथून निवड झाली की प्रत्यक्ष बोलावणे येते, आणि शेवटी ‘लूक टेस्ट’ होते. लूक टेस्टमध्ये पात्राचे कपडे, केशभूषा आणि रंगभूषा करून छायाचित्रे आणि छोटे प्रवेश घेतले जातात व ते वाहिनीकडे पाठवले जातात. अंतिम शब्द वाहिनीचा असतो. तीन मुली लूक टेस्टपर्यंत पोहोचतात, एकीला भूमिका मिळते, आणि उरलेल्या दोघींना पुष्कळदा कळवलेही जात नाही. नाकारले गेल्याचे कारण अभिनयच असेल असे नाही. नायकापेक्षा उंची जास्त असणे, आधीच ठरलेल्या ‘आई’शी चेहरा न जुळणे, अशीही कारणे असतात.

निवडीसाठी पैसे मागितले तर द्यावेत का?

नाही. नोंदणी शुल्क, पोशाखाची अनामत, ‘वाहिनीतील साहेबांसाठी’ रक्कम, यांपैकी कोणत्याही नावाने पैसे मागितले गेले तर बोलणे तेथेच थांबवावे. काम देणारा कलावंताला पैसे देतो, घेत नाही. आमच्या शिबिरातील एका मुलीच्या वडिलांनी कपाशीचे आलेले पैसे एका छायाचित्र-संच करून देणाऱ्याला दिले. मुलीला जाड कागदावरची पंचवीस छायाचित्रे मिळाली आणि त्यानंतर तो दूरध्वनी कधी लागला नाही. खरे तर चेहऱ्याची, पूर्ण उंचीची आणि बाजूची अशी चार-पाच स्वच्छ छायाचित्रे, रंगभूषेविना, मैत्रिणीने चांगल्या उजेडात काढलेली, एवढी सुरुवातीला पुरतात.

सेटवरचा दिवस कसा असतो?

साधारणपणे बारा तासांचा, आणि प्रवास धरला तर पंधरा तासांचा. गोरेगावच्या चित्रनगरीत, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, मीरा रोड किंवा नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट असतात. (अलीकडे नाशिक, सातारा, कोल्हापूर या बाजूंनाही चित्रीकरण होते, ही आपल्या भागाला थोडी सोयीची गोष्ट.) सकाळी सातचा ‘कॉलटाइम’ असेल तर सातला तेथे पोहोचायचे, चहा घ्यायचा आणि रंगभूषेच्या खुर्चीत बसायचे. नऊवारी किंवा लग्नाचा प्रसंग असेल तर तयारीलाच दीड-दोन तास लागतात.

प्रवेश कित्येकदा सकाळीच हातात पडतो. सहायक दिग्दर्शक येऊन दोन पाने देतो, मेकअप चालू असतानाच ती वाचायची आणि केस विंचरणाऱ्या ताईकडून समोरची वाक्ये म्हणवून घ्यायची. सेटवर आधी सगळ्यांचा एकत्रित मास्टर शॉट होतो, मग एकेकाचे क्लोजअप घेतले जातात. म्हणजे एकच रडणे चार वेळा रडायचे असते, आणि चौथ्या वेळी कॅमेरा आपल्यावर असतो. समोरच्याच्या क्लोजअपला कॅमेऱ्याबाहेर उभे राहून मनापासून संवाद देणारी अभिनेत्री सेटवर सगळ्यांना आवडते. मोबाइल घेऊन बाजूला जाऊन बसणारी आवडत नाही, आणि ही कीर्ती एका निर्मितीसंस्थेतून दुसरीत फार लवकर पोहोचते.

पडद्यावर बावीस मिनिटे दिसणारा भाग रोज लागतो, म्हणून जवळजवळ तेवढे चित्रीकरण रोज व्हावेच लागते. प्रसारणाच्या पुढे आठ-दहा भाग तयार असले तर त्याला ‘बँक’ म्हणतात. बँक भरलेली असेल तोवर सेटवर हसणे-खिदळणे चालते, बँक संपली की रात्रीचे बारा वाजतात. प्रसंगांचा क्रमही कथेप्रमाणे नसतो. दिवाणखान्यातले सगळे प्रवेश एका दिवशी आणि स्वयंपाकघरातले दुसऱ्या दिवशी, त्यामुळे सकाळी सासूशी समेट करायचा आणि दुपारी त्याआधीचे भांडण करायचे, असे होते. कोणत्या प्रवेशात कपाळाला टिकली कोणती होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे सांभाळणारा सहायक असतो, पण शहाणी अभिनेत्री स्वतःच दरवेळी एक छायाचित्र काढून ठेवते.

मानधन किती आणि केव्हा मिळते?

वडिलांचा हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचे उत्तर ऐकून निर्णय शहाणपणाने घेता येतो. मालिकेतील मानधन महिन्याच्या पगारासारखे नसते. ते दिवसाच्या दराने ठरते. म्हणून दर जितका महत्त्वाचा, तितकीच महिन्यातील किमान दिवसांची हमी महत्त्वाची. दिवसाला मोठा आकडा आणि महिन्याला चारच दिवस, यापेक्षा मध्यम दर आणि पंधरा दिवसांची लेखी हमी केव्हाही बरी.

दुसरी गोष्ट उधारीची. केलेल्या कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात, हा या क्षेत्राचा प्रघात आहे. समजा नवोदित मुलीचा दर दिवसाला ५,००० रुपये ठरला आणि जून महिन्यात तिने १५ दिवस काम केले. बिल ७५,००० रुपयांचे झाले. त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणजे ६७,५०० रुपये उरतात. समन्वयकाचा हिस्सा मूळ बिलाच्या १० टक्के ठरला असेल तर हाती ६०,००० रुपये येतात, आणि तेही सप्टेंबर संपताना. तोपर्यंत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे घरभाडे, जेवण आणि रिक्षाभाडे कोणी भरायचे? घराची अनामत रक्कम त्याहून वेगळी. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मुंबईला घर घेऊ नये. हे गणित रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना मला कधी दोनदा सांगावे लागले नाही. केळी लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्ष कसे काढायचे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नव्वद दिवसांचे नवल वाटत नाही. पगारदार पालक मात्र दचकतात.

कापला गेलेला कर विवरणपत्र भरल्यावर, देय कर कमी असेल तर परत मिळतो. पहिल्याच वर्षी कर सल्लागार गाठावा आणि प्रत्येक दिवसाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी : तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ. बिलाच्या वेळी वाद झालाच तर ही वहीच कामी येते.

करारात काय पाहावे?

करार बहुधा इंग्रजीत आणि बराच लांब असतो. सही करण्यापूर्वी तो घरी आणून वकिलाला दाखवण्यासाठी दोन दिवस मागावेत. जो दोन दिवस देत नाही त्याच्याकडे काही तरी लपवण्यासारखे आहे असे समजावे. पाहण्याच्या गोष्टी अशा : किमान दिवसांची हमी लिहिलेली आहे का, पैसे किती दिवसांत मिळतील, मालिका चालू असताना दुसरे काम, नाटक किंवा जाहिरात करता येईल का, मालिका सोडायची असल्यास किती आधी कळवावे लागेल, आणि केस कापणे किंवा वजन यांवर कोणती बंधने आहेत. नाटकाची परवानगी मी आग्रहाने मागायला सांगतो. मालिका संपते, नाटकाचे दौरे चालू राहतात.

मालिका अचानक बंद होते किंवा भूमिका दुसरीला दिली जाते, हे खरे आहे का?

खरे आहे. प्रेक्षकसंख्येचे मोजमाप बार्क ही संस्था करते. निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना यंत्रे जोडलेली असतात आणि त्यांच्या आधारे दर गुरुवारी आठवड्याचे आकडे येतात. गुरुवारी सेटवरचे वातावरण वेगळे असते, हे तेथे काम करणारे कोणीही सांगेल. आकडे घसरत राहिले तर वेळ बदलली जाते, कथेत काही वर्षांची उडी मारली जाते, आणि तरीही जमले नाही तर मालिका आटोपती घेतली जाते. कित्येकदा कलावंतांना महिनाभर आधी कळते, कित्येकदा तेवढेही नाही.

भूमिकेची अदलाबदलही नेहमीची आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील शनाया ही भूमिका रसिका सुनील यांनी गाजवली, मध्ये त्या बाहेर पडल्यावर ती ईशा केसकर यांनी केली आणि पुढे रसिका सुनील परतही आल्या. प्रेक्षक आठवडाभर कुरकुरतात आणि मग सरावतात. पात्र निर्मात्याचे असते, आपले नव्हे, हे ज्या मुलीला पहिल्या वर्षी कळते तिला पुढचे त्रास कमी होतात.

लग्न झाल्यावर किंवा तिशीनंतर काम मिळते का?

मिळते. सून म्हणून आलेली अभिनेत्री आठ-दहा वर्षांत वहिनी, जाऊ, आत्या आणि आई होते; कधी कधी स्वतःपेक्षा पाच-सात वर्षांनीच लहान असलेल्या नायकाची आई व्हावे लागते, आणि ते पहिल्यांदा ऐकल्यावर मनाला लागते. पण चरित्र भूमिकांचे आयुष्य नायिकेपेक्षा लांब असते. ‘आई कुठे काय करते’ या मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती ही मोठ्या मुलांची आईच मध्यवर्ती होती आणि ती मालिका २०१९ पासून जवळजवळ पाच वर्षे चालली. बाळंतपणानंतर परतणाऱ्या अभिनेत्रीही आता पुष्कळ आहेत. मात्र या व्यवसायात दिवसाचे काम दिवसाचे पैसे असल्यामुळे पगारी प्रसूती रजा गृहीत धरू नये आणि त्या काळाची तरतूद आधीच करावी.

मुंबईत एकट्या मुलीने राहणे सुरक्षित आहे का?

या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देणे अप्रामाणिक ठरेल. सेटजवळ दोन-तीन मुलींनी मिळून घर घेणे हा रूढ मार्ग आहे. रात्री उशिरा सुटल्यास घरी सोडण्याची गाडी मिळेल का, हे करारातच विचारावे. भेटी कार्यालयात आणि दिवसा घ्याव्यात. हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी ऑडिशन नसते, कितीही मोठे नाव सांगितले तरी नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या सेटलाही लागू पडतो आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती समिती कोण, हे पहिल्याच दिवशी विचारायला संकोच करू नये. आईने रोज रात्री फोन करावा. पण ‘कोणी काही बोललं का’ एवढेच विचारू नये, ‘आज काय काम केलंस’ हेही विचारावे.

शिक्षण मध्येच सोडावे का?

सोडू नये. नियमित महाविद्यालय जमत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते.

आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला बालकलाकार म्हणून पाठवावे का?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहावे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. निर्मितीसंस्था या गोष्टींविषयी मोकळेपणाने बोलत असेल तर पुढे जावे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर आठ वर्षांच्या मुलीला गावातल्या बालनाट्यात घालावे आणि बाकीचे तिला कळू लागल्यावर तिच्यावर सोपवावे.

सणाला घरी येता येते का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणे आणि श्रावणात कानबाई या देवीच्या रोटांना घरात असणे, या दोन गोष्टींवर खान्देशी मुलीचा जीव असतो. मालिकांमध्ये सण फार थाटाने साजरे होतात, आणि नेमके त्यामुळेच खऱ्या सणाच्या आसपास सुटी अवघड होते, कारण मंगळागौर आणि गौरी-गणपतीचे विशेष भाग तेव्हाच चित्रित व्हायचे असतात. तारखा दोन महिने आधी लेखी कळवल्या तर निर्मिती व्यवस्थापक बहुतेक वेळा जुळवून देतो. आदल्या आठवड्यात रडून सांगितले तर देत नाही. मुंबईहून जळगाव सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे, रात्रीच्या गाडीने सकाळी घरी आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने पुन्हा सेटवर, असे एका दिवसाचे माहेरही होऊ शकते.

प्रसिद्धी मिळाल्यावर मालिकेबाहेर उत्पन्न होते का?

दुकानांची उद्घाटने, नवरात्रातील आणि दहीहंडीतील उपस्थिती, समाजमाध्यमांवरील जाहिराती यांतून होते, आणि काहींच्या बाबतीत ते मालिकेपेक्षा अधिक असते. मात्र हे उत्पन्न मालिका चालू असेपर्यंतच वाहते. बंद झाल्यानंतरच्या सहा महिन्यांत निमंत्रणे निम्म्याहून खाली येतात. पहिल्या मोठ्या रकमेतून गाडी घेणाऱ्या मुलींपेक्षा आवाजाचे काम शिकून घेणाऱ्या मुली मला पुढे अधिक स्थिर दिसल्या. डबिंगला चेहऱ्याचे वय नसते.

पहिल्या ऑडिशनला मुंबईला बोलावले आहे. बरोबर काय न्यावे?

आधारकार्ड, पॅनकार्ड, बँक खात्याचा तपशील, चार छायाचित्रे, एक साधी साडी, एक सलवार-कुर्ता, दोन रंगांच्या टिकल्या, सेफ्टी पिनांचा अख्खा पुडा आणि परतीचे आरक्षित तिकीट. घरून निघताना आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली तर नाही म्हणू नये; ऑडिशनची वेळ अकराची सांगितली असली तरी आत बोलावणे चारला येऊ शकते.